गंगेवर दिलेला शब्द

गोटीराम बोरसे बोलायला आळशी माणूस. सिडकोत त्याची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या घरघरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला बोलायची गरजच फारशी पडत नाही. बायका डबा ठेवतात, जाड की बारीक ते बोटांनी दाखवतात, हा मान हलवतो, झालं. अशा माणसाने एकदा भर भावकीसमोर तोंड उघडलं आणि पुढचं जवळजवळ सबंध वर्ष त्या एका वाक्यामागे फरपटत गेलं.

ते वाक्य त्याच्या धाकट्या भावाच्या, अमोलच्या, दहाव्याला तोंडून निघालं. अमोल अंबडच्या एका कंपनीत फिटर होता. पन्नाशीही गाठली नव्हती. ना दारू, ना तंबाखू, ना कुणाशी भांडण. माघ महिन्यात एका सकाळी मशीनपाशी उभ्या उभ्या कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. दहाव्याला सगळी भावकी नांदगावहून गाड्या करून गंगेवर आली. गंगाधर गुरुजींनी विधी केला, पिंड ठेवले आणि सगळे हात जोडून बाजूला उभे राहिले. कावळे कमी नव्हते. समोरच्या तारेवर ओळीने बसले होते, मान वाकडी करून खाली पाहत होते, पण एकही उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे सांगायला कुणी लागत नाही. मग सुरू झाली आश्वासनं. मामा पुढे होऊन म्हणाले, "अमोल, योगिनीचं शिक्षण आम्ही पुरं करू." कावळा हलला नाही. चुलते म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देणार नाही." तरी नाही. एका चुलतभावाने तर भावनेच्या भरात बांधावरची आंब्याची झाडंही देऊन टाकली, आणि लगेच आपली बायको कुठे उभी आहे ते पाहून घेतलं. कावळ्याला आंब्याचंही काही पडलं नव्हतं.

ऊन चढलं. गुरुजी हळूच म्हणाले, "थोडा वेळ पाहू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतं."

अमोलची आई, बायडाबाई, पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "शास्त्राला चालत आसंल. माझ्या लेकाला गवताचा कावळा नाय लावायचा. मी बसते हितंच."

पुढे कुणाला बोलायचं धाडस झालं नाही. आणि तेव्हा गोटीराम, केस उतरवलेलं डोकं पंच्याने झाकत, कुणाकडे न पाहता बोलला, "अमोल, तुझी ती पुढच्या मार्गशीर्षातली फेरी राहिली ना? मी करीन ती पुरी. सायकलवर बी आन पायी बी. ये आता."

कावळा उतरला. एक नाही, तीन उतरले. बायका रडायला लागल्या, पुरुषांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सगळे जेवायच्या पत्रावळींकडे निघाले. गोटीराम तिथेच उभा राहिला. आपण काय कबूल करून बसलो ते त्याला हळूहळू उमगायला लागलं होतं.

ती फेरी म्हणजे काही देवाची फेरी नव्हती. नाशिकची काही सायकलवाली मंडळी दरवर्षी थंडीत ती काढतात. कॅन्सरच्या पेशंटांसोबत आलेल्या नातेवाइकांना राहायला घर बांधायचं, त्यासाठी देणग्या गोळा करायच्या, असा तिचा हेतू. पहाटे नाशिकहून सायकलवर निघायचं, त्र्यंबकवरून डोंगरातल्या रस्त्याने घोटी गाठायची, तिथे सायकल ठेवायची आणि पुढे टाकेदच्या रस्त्याने भातखाचरांतून वीस-एकवीस किलोमीटर पायी जायचं. एका शाळेच्या मैदानात फेरी संपते. मध्येच सोडली तर सोडली, कुणी काही म्हणत नाही. पण अमोलने कधी सोडली नव्हती. त्यांच्या बापाला कॅन्सर झाला होता तेव्हा हे दोघे भाऊ मुंबईत दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर झोपले होते, महिनाभर. आळीपाळीने. एक झोपला की दुसरा चपला आणि औषधांची पिशवी सांभाळायचा. गोटीरामने ते दिवस कुलूप लावून ठेवले. अमोलने त्या दिवसांची फेरी केली.

आता ती फेरी गोटीरामच्या गळ्यात पडली होती. वय छप्पन्न. अंगात शुगर. पोट असं की गिरणीच्या पट्ट्याला लागू नये म्हणून तिरकं उभं राहावं लागे. सायकल शेवटची चालवली ती नांदगावला शाळेत असताना, तीही मधल्या दांडीखालून पाय घालून. अमोलची सायकल गिअरची. पहिल्या दिवशी पवननगरच्या चढावर त्याने कुठला तरी खटका ओढला आणि चेन उतरून बसली. दूधवाला थांबून म्हणाला, "शेठ, ढकलत न्या, तेवढाच व्यायाम." गोटीरामने ढकलत आणली.

पण माणूस चिवट. उन्हाळा संपेपर्यंत तो त्र्यंबक रस्त्याला बेळगाव ढग्यापर्यंत जाऊन यायला लागला. पावसाळ्यात अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत. सकाळी उजाडताना निघायचा, नऊला गिरणी चालू करायचा. पोट उतरलं. गिरणीवरच्या बायका म्हणायच्या, "गोटीरामदादा, लगीन करता का काय पुन्हा?" तो मान हलवायचा. सायकल बाहेर काढली की टायरमध्ये हवा कायम गच्च भरलेली असे. बायको मोहिनी भरत असेल, असं त्याने धरलं होतं. मोहिनीने पंपाला आयुष्यात हात लावला नव्हता, पण हा विचारणार कशाला?

घर दोन मजली. खाली गिरणी आणि गोटीरामचा संसार, वर अमोलचा. आता वर अमोलची बायको सायली आणि सासू बायडाबाई. मुलगी योगिनी शिकायला पुण्यात. सायली सातपूरला एका दवाखान्यात कामाला लागली होती, स्वतःच्या सायकलवर जायची, संध्याकाळी उशिरा यायची. गोटीराम थोरला दीर. त्यांच्याकडे थोरल्या दिराने धाकट्याच्या बायकोशी सरळ बोलायचं नसतं. तिने डोक्यावर पदर घ्यायचा, नसेल तर ओढणी, आणि याने जिन्याखालून खाकरायचं. वीस वर्षांत त्याचं तिच्याशी बोलणं मोहिनीमार्फत झालं होतं. "वर सांग, पाणी आलंय." "वर विचार, दळण आहे का?" भाऊ गेल्यावरही तसंच चाललं. मी म्हणेन हा शुद्ध वेडेपणा होता. एकाच माणसाला दोघं रडत होती आणि मध्ये जिना होता. पण रीत म्हणजे रीत, आणि ती मोडायची तर आधी कुणीतरी तोंड उघडायला हवं.

फेरीच्या तयारीत गोटीरामने एक गोष्ट मात्र कुणालाच विचारली नाही, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

अमोलचे सायकलवाले मित्र भले होते. त्यांनी गोटीरामला चांगले बूट आणून दिले. चालताना हे घाला, सकाळी काहीतरी खाऊन निघा, असं बजावलं. त्याने बूट देव्हाऱ्याखाली ठेवले. त्याच्या लेखी हिशेब सरळ होता. मेलेल्या माणसाला गंगेवर शब्द दिला म्हणजे तो नवस झाला. नवस अनवाणी फेडतात. तरुणपणी श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी त्याने अनवाणीच केली होती, उपाशीपोटी, काट्याकुट्यांतून. बूट घालून नवस फेडलेला कुणी ऐकलाय का? म्हणून सायकलवर चपला आणि चालताना अनवाणी, असा त्याने नेम धरला. शिवाय सोमवारी कडक उपास. शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी तो डांबरी रस्त्याने अनवाणी चालायचा, आणि चक्कर आली की रस्त्याकडेला बसून "अमोल, अमोल" म्हणायचा.

कार्तिकात त्याच्या उजव्या तळव्याला फोड आला. त्याने हळद दाबली. फोड फुटला. त्याने फडकं गुंडाळलं. शुगरवाल्या माणसाला पायाचं दुखणं कळतच नाही, हे डॉक्टरने त्याला बजावून सांगितलं होतं, पण न दुखणाऱ्या जखमेची काळजी कोण करतो? फेरी तीन आठवड्यांवर आली असताना मोहिनी गिरणीत झाडायला गेली, तर सांडलेल्या पिठावर पावलं उमटलेली आणि प्रत्येक पावलात लाल डाग. तिने त्याला खुर्चीत बसवलं, फडकं सोडलं, आणि तोंडावर हात ठेवून मागे सरली.

डॉक्टरने पाय उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "काका, पाय हवा आहे का फेरी हवी आहे, तेवढं सांगा. दोन्ही मिळायचं नाही."

"फेरी," गोटीराम म्हणाला.

"मग मी नाही, दुसरा डॉक्टर बघा," असं म्हणून डॉक्टरने मोहिनीला आत बोलावलं आणि तिला असं काही सांगितलं की ती बाहेर आली ती रडतच. नवऱ्यापुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "एकाला गंगेवर पोचवलं. आता तुम्हाला पोचवायला कोण बाकी हाय? आत्याबाई का मी?"

पाय जायची भीती गोटीरामला नव्हती असं नाही, पण खरी भीती वेगळी होती. शब्द दिला म्हणून अमोल सुटला. शब्द मोडला तर? या प्रश्नाने त्याचं जेवण गेलं. दोन दिवसांनी पायाला जाड पट्टी बांधून तो रिक्षाने गंगेवर गेला आणि गंगाधर गुरुजींना गाठलं. गुरुजी एक विधी उरकून उपरणं झटकत होते. त्यांनी याला ओळखलं नाही. रोज इतके उघड्या अंगाचे, केस उतरवलेले लोक समोर येतात, कुणाकुणाला ओळखणार? गोटीरामने सगळं सांगितलं. गवताच्या कावळ्याचं सांगितल्यावर गुरुजींना बायडाबाई आठवल्या.

"म्हणजे तुम्ही शब्द दिलात आणि पाय गमवायची वेळ आणलीत," गुरुजी म्हणाले.

"दुसऱ्या कुणी फेडला तर चालतो का, एवढंच विचारायला आलो."

गुरुजी पायरीवर बसले. "शास्त्रात सायकल नाही हो, बोरसे. मी उगाच काहीतरी सांगेन आणि तुम्ही ते खरं धराल. मी इथे चाळीस वर्षं बसतो. लोक कावळ्यापुढे वाट्टेल ते कबूल करतात आणि रस्ता ओलांडेपर्यंत विसरतात. तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्याने फेडलं तर चालेल की नाही, ते त्या दुसऱ्याचं गेलेल्याशी काय नातं होतं त्यावर आहे, असं मला आपलं वाटतं. कोण आहे दुसरं?"

गोटीरामने मनातल्या मनात भावकी मोजली. मामा, चुलते, आंबेवाला चुलतभाऊ. एकाचंही नाव ओठांवर येईना. गुरुजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. पुढची मंडळी आली होती.

त्या संध्याकाळी गोटीराम आपल्याच घराचा जिना चढला. खाली खाकरला, मध्ये खाकरला, वर दाराशी पुन्हा खाकरला. सायली नुकतीच कामावरून आली होती. तिने घाईने ओढणी डोक्यावर घेतली आणि जाऊबाईंना बोलावू का म्हणून जिन्याकडे पाहिलं. बायडाबाई आत पलंगावर माळ ओढत बसली होती. सुनेच्या सोबतीला म्हणून ती अमोलमागे वरच राहत होती.

"तिला नको बोलवू," गोटीराम म्हणाला. "मला तुझ्याशीच बोलायचंय."

वीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे पाहून बोलत होता. त्याला पुढचे शब्द सापडेनात. शेवटी जे होतं ते असं बाहेर पडलं, "शब्द माझा हाय. पाय राहिला नाय. तू जाशील का फेरीला?"

सायली भिंतीला टेकली. तिला राग आला असावा असं वाटून गोटीराम मागे वळणार, तोच ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी बायकांत मागे उभी होते. तुम्ही बोललात त्याच्या आधी मी मनात तेच म्हटलं होतं. 'तुमची फेरी मी करीन,' असं त्यांना म्हटलं होतं. मग कावळा आला. मला वाटलं, त्यांनी माझं ऐकलं. डोळे उघडून बघते तर सगळे तुमच्याकडे बघत होते."

गोटीराम हबकलाच. "मग बोलली का नाय?"

"कुणाशी बोलायचं होतं? तुमच्याशी?"

ती आता थांबणार नव्हती. इतक्या महिन्यांचं साचलेलं बाहेर येत होतं. ती म्हणाली, "रोज सकाळी त्यांची सायकल तुम्ही नेता. चुकीच्या गिअरवर ती कशी ओरडत जाते ते मी वरून ऐकते. निदान हवा तरी बरोबर असू दे म्हणून मीच भरून ठेवते. आम्ही दोघं बरोबर जायचो, दादा, पहाटे, लोक उठायच्या आत. आत्यांना आवडणार नाही म्हणून अंधारात जायचो. मी अजून जाते. सातपूरहून सुटले की लांबून, पाथर्डी फाट्यावरून येते. सगळ्यांना वाटतं, दवाखान्यात उशीर होतो."

आतून माळेचा आवाज थांबला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं. वर्ष पुरं झालेलं नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आत विधवेने अशा गर्दीत, सायकलवर, पायजमा घालून जायचं म्हणजे नांदगावला महिनाभर पुरेल एवढा विषय. बायडाबाई भिंत धरत दारात आली.

"आये, वरीस व्हायचंय, ठावं हाय मला," गोटीराम म्हणाला.

"तू गप," बायडाबाई म्हणाली. मग सुनेकडे पाहून म्हणाली, "तुझा सासरा गेला तवा मी वरीसभर उंबरा वलांडला नाय. लोकं म्हनली, लय गुणाची बाई. काय मिळालं? गुडघं धरलं. तू जा." एवढं बोलून ती परत पलंगावर जाऊन बसली, पण माळ काही तिने लगेच हातात घेतली नाही.

राहिलेल्या दिवसांत जिन्यावरून बोलणं सुरू झालं. फार नाही. "हवा पाह्यली का?" "पाहिली, दादा." "खाऊन निघ बरं का." असंच. गोटीराम खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलेला असे आणि ती जाता-येता दाराशी थांबे. देव्हाऱ्याखालचे बूट तिच्या मापाचे नव्हते. अमोलच्या मित्रांनी दुसरे आणून दिले.

फेरीच्या पहाटे गोटीराम पाण्याच्या टेम्पोत बसून निघाला. डॉक्टरला कळलं असतं तर त्याने टेम्पोच अडवला असता. त्र्यंबकपर्यंत सायली मधल्या घोळक्यात होती. पुढे पहिन्याच्या चढावर मागे पडली. घोटीला पोचली तेव्हा बाजार भरत आला होता. सायकल ठेवून ती चालायला लागली आणि टेम्पो पुढे गेला. शाळेच्या मैदानात मंडप होता, एक स्पीकर होता, भाताच्या पेंढ्याचे ढीग होते. दुपारपासून लोक येत राहिले. पोरं धावत आली, हात वर करून फोटो काढून घेत होती. उन्हं कलली. स्पीकरवाल्याने वायर गुंडाळायला घेतली. कुणीतरी गोटीरामला म्हणालं, "काका, गाडी पाठवू का त्यांना आणायला?"

"नको," गोटीराम म्हणाला. त्याचे डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. आयुष्यात त्याने एवढी वाट कुणाची पाहिली नव्हती.

ती आली तेव्हा मैदानावर मोजकी माणसं उरली होती. लंगडत होती. ओढणी कमरेला बांधलेली, डोकं उघडं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, ते तिला कळलंही नसावं. फेरी संपल्याची रेघ ओलांडून ती तशीच चार पावलं पुढे गेली, पेंढ्याच्या ढिगाजवळ बसली आणि मोठ्याने रडायला लागली. अमोल गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा घरात पुरुषमाणसं होती, सासू होती, पदर होता. आता ती त्याला नावाने हाका मारत होती. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत होती आणि तिला कशाचंही भान नव्हतं.

दोघी-तिघी बाया पाणी घेऊन पळत निघाल्या. गोटीरामने हात आडवा केला. "थांबा. रडू द्या तिला," तो म्हणाला.

मग पट्टीचा पाय ओढत तो तिच्याजवळ गेला. तिचे पाय सुजून बुटांत रुतले होते. छप्पन्न वर्षांचा थोरला दीर, ज्याने तिच्या हातचा चहाही कधी सरळ घेतला नव्हता, तो मातीत खाली बसला आणि तिच्या बुटांच्या गाठी सोडायला लागला. गाठी ओल्या होत्या, सुटेनात. त्यालाही समोरचं नीट दिसत नव्हतं.